ब्रेक डाव्या हाताला

एका सकाळी दात घासताना माझा उजवा कान बंद झाला. दुखलं नाही, चक्करही आली नाही. पोहताना कानात पाणी जातं आणि सगळं लांबून ऐकू यायला लागतं, तसं वाटलं. मी मान तिरकी करून एका पायावर उड्या मारल्या, नाक दाबून हवा सोडून पाहिली आणि ऑफिसला गेलो. बेलापूरला एका छोट्या कन्सल्टिंग ऑफिसात मी पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे काढतो. दुपारी एक फोन आला, तो सवयीने उजव्या कानाला लावला, तर पलीकडून कोणी बोलतच नव्हतं. दोनदा हॅलो म्हणून मी फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, ‘‘ठेवलात का? तो माणूस तर बोलत होता. मला इथपर्यंत ऐकू आलं.’’

वाशीच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की नस गेली आहे. असं होतं, आणि का होतं ते बऱ्याचदा कळत नाही. लवकर आलात हे बरं केलंत, असंही म्हणाले. गोळ्या झाल्या, मग कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. काही जणांचं ऐकू येणं परत येतं. माझं आलं नाही. त्या जागी एक बारीक, एकसुरी शिटी राहिली, ती आजही आहे. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. आवाज कुठून येतोय हे कळायला दोन कान लागतात. एका कानाला आवाज कळतो, दिशा कळत नाही. ते ऐकताना मला त्याचं फार काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते सायकलवर बसलो तेव्हा.

मी रोज सकाळी सायकल चालवायचो. जुईनगरहून पाम बीच रोडला लागायचं, बेलापूरच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. चार-पाच जणांचा ग्रुप होता. माझी सायकल गिअरची होती. अशा सायकलवर पाय थांबवले की मागच्या चाकातून टिकटिक ऐकू येते. आत फ्रीव्हील असतं, त्यामुळे पाय थांबले तरी चाक मोकळं फिरत राहतं, आणि त्यातल्या खिट्ट्या दात्यांवरून घसरताना तो आवाज होतो. इतकी वर्षं तो मी ऐकला होता आणि एकदाही त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. आता तो सहन होईना. तो मागून येतोय असं वाटतच नसे. डाव्या खांद्याजवळ कोणीतरी टाचण्या मोजून टाकतंय असं वाटे. शिवाय त्या टिकटिकीखाली मागून येणाऱ्या गाडीचा आवाज बुडून जाई. म्हणून मी पाय थांबवायचेच बंद केले. उतार असो, सिग्नल लांबवर लाल दिसत असो, माझे पाय फिरत राहायचे.

हे ग्रुपमधल्या एकाच्या लक्षात आलं. हा मित्र माझ्याहून बराच लहान, ऐरोलीला आयटीत कामाला. त्याच्याकडे काळी फिक्सी होती, तिला एकही ब्रेक नव्हता. फिक्सी म्हणजे फ्रीव्हीलच नसलेली सायकल. चाक आणि पेडल एकमेकांना बांधलेली असतात. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडल फिरतंय तोवर पाय. थांबायचं असेल तर पायांनीच पेडल मागे रेटायचं. तो काही दिवस माझ्या मागून येत होता. एकदा चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, ‘‘तू फिक्सी नसताना फिक्सी चालवतोयस. घेऊनच टाक ना.’’

फिक्सीला टिकटिक नसते, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी आलं. त्याला मी ते सांगितलं नाही. कानाचं ग्रुपमध्ये कोणालाच सांगितलं नव्हतं. घरी बायकोला माहीत होतं, ऑफिसात त्या शेजारच्या बाईंना माहीत होतं. बाकीच्यांना सांगायचं तर सुरुवात कुठून करायची, हे मला जमत नव्हतं. मित्राला वाटलं मी फिटनेसच्या मागे लागलोय. मी तसंच वाटू दिलं.

फिक्सीसाठी फ्रेम, म्हणजे नुसता सांगाडा, नावड्याला मिळाली. तिथल्या कॉलनीतल्या एका तरुणाने ती हौसेने घेतली होती, मग त्याची बदली ठरली आणि सायकल जोडायची राहूनच गेली. त्याच्या गॅलरीत ती ग्रिलला टांगलेली होती आणि घरचे तिच्यावर रुमाल-मोजे वाळत घालत होते. माझी बायको तळोज्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. तिची कंपनीची बस नावड्यावरूनच येते. तिने ड्रायव्हरला सांगून बस पाच मिनिटं थांबवली, फ्रेम खांद्याला अडकवून चढली, आणि जुईनगरपर्यंत ती मांडीवर घेऊन आली. घरात आल्यावर तिने ती भिंतीला टेकवली आणि विचारलं, ‘‘याला ब्रेक कुठे बसतात?’’

मी पाहिलं. पुढच्या फोर्कला, म्हणजे चाक धरणाऱ्या दुबेळक्याला, ब्रेकचं भोक होतं, मागे नव्हतं. फ्रेम ट्रॅकवर पळवायच्या सायकलीची होती. तिथे ब्रेक लागत नाही, कारण समोरून कोणी येत नाही. मी म्हटलं, बघतो.

चाकं निवडायची वेळ आली तेव्हा मित्राने स्वतःची एक जुनी जोडी देऊ केली. लाल रंगाची, खोल रिमची, म्हणजे रिम हाताच्या पंजाएवढी उंच आणि स्पोक अगदी आखूड. मला ती फार आवडली. उगाच का नाकारायचं? पांढरट फ्रेमला लाल चाकं लावलेली मी मनात पाहून ठेवली होती. वजन, हबचं म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं बेरिंग, स्पोकची संख्या हे सगळं मी इंटरनेटवर वाचत होतो खरा, पण वाचून झालं की पुन्हा त्या लाल चाकांचे फोटो उघडून बघायचो. रविवारी सकाळी तो चाकं घेऊन आमच्या सोसायटीत आला. बायको खाली आली. तिने चाक हातात घेतलं, रिमच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं की ब्रेकचं रबर कुठे घासणार.

प्रश्न बरोबर होता. सायकलचा साधा ब्रेक रिमच्या दोन्ही बाजू चिमट्यात धरतो. त्यासाठी रिमच्या कडेला अॅल्युमिनियमची उघडी, सपाट पट्टी लागते. या रिमवर ती नव्हती, काठापर्यंत लाल रंगच होता. ब्रेक लावला तर आधी रंग निघणार, आणि तो निघेपर्यंत ब्रेक धरणार नाही. मित्र म्हणाला, ब्रेक लागतच नाही. मग त्याने पार्किंगमध्ये करून दाखवलं. वेगात आला, शरीर पुढे टाकलं, पाय अडवले. मागचं चाक अडकून घसरलं आणि तो सुबकपणे थांबला. वॉचमनने दाद दिली.

बायको म्हणाली, परत कर, पण कुठे थांबायचं ते तू ठरवू नकोस, मी सांगेन. तो पुन्हा वेगात आला. ती शेवटच्या खांबापर्यंत काहीच बोलली नाही. तो सैलावला तेव्हा ती शांतपणे ‘थांब’ म्हणाली. तो थांबला, पण दोन गाड्यांच्या जागा ओलांडून. त्याने हसून हात वर केले. तिला काही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. कारखान्यात ती रोज हेच करते. तिने त्याला सांगितलं की तुझं तू चालव, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मग माझ्याकडे न बघता ती त्याला म्हणाली,

‘‘तुला मागून येणारी गाडी ऐकू येते. ह्याला नाही येत. ह्याचा उजवा कान गेलाय.’’

आपल्याकडे गाड्या उजवीकडूनच पुढे जातात, हे तिने वेगळं सांगायची गरज नव्हती. कधीपासून, असं मित्राने मला विचारलं. मी सांगितलं. मग त्याने अनेक जण विचारतात तेच विचारलं, पूर्ण की थोडा? मी म्हटलं, पूर्ण. मला बायकोचा राग आला होता आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदमच होतं, त्यातलं आधी कुठलं ते मला सांगता येणार नाही. मित्राने लाल चाकं पुन्हा पिशवीत घातली. त्यानंतर काही आठवडे तो माझ्याशी मोठ्याने बोलायचा. शेवटी मी त्याला सांगितलं की एक कान चांगला आहे, तेव्हा ते थांबलं. पण राइडवर तो माझ्या उजव्या बाजूला, किंचित मागे राहायला लागला, तो आजही तिथेच असतो. सुरुवातीला मला ते नको वाटायचं.

साधी चाकं बांधून घ्यायची तर तळवलीला एक काका आहेत, असं त्यानेच सांगितलं. ठाणे-बेलापूर रोडवरून आत वळलं की तळवलीचं जुनं गाव आहे. काका तिथलेच. त्यांच्या वडिलांची शेती होती, भरती-ओहोटी बघून खाडीत जाळंही लावायचे. काकांनी रोडपलीकडच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्रेसर रूममध्ये नोकरी केली आणि रिटायर झाले. तीन मजली घर आहे, वर भाडेकरू, खाली एका खोलीत त्यांचं वर्कशॉप. तरुणपणी ते सायकलच्या शर्यतींत उतरायचे, तेव्हापासून चाकं बांधतात. बोलतात भरपूर, आणि समोरच्याला काय हवं आहे हे त्याने सांगण्याच्या आधीच त्यांनी ठरवलेलं असतं.

माझं त्यांनी असं ठरवलं: उघड्या काठाची चांदी रंगाची बुटकी रिम, पुढे-मागे छत्तीस स्पोक, सीलबंद बेरिंगचा हब आणि अंमळ जाड टायर. मी बत्तीस स्पोक म्हणत होतो, कारण वाचलेलं होतं की तेवढे पुरतात. ते म्हणाले, कुठे पुरतात? घणसोलीच्या नाल्यावरच्या खड्ड्यांत पुरत नाय. माझ्या वजनाकडे बघून त्यांनी आणखीही काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही. खोल रिमचा विषय मी काढून पाहिला. त्यांनी खाडीकडे हात केला आणि म्हणाले की संध्याकाळचा वारा आडवा आला की तसलं चाक शिडासारखं वागतं. ते मला पटलं. छत्तीस स्पोकांचंही मग पटवून घेतलं.

मागच्या हबबद्दल मात्र त्यांनी मला बसवून समजावलं. फिक्सीचं दात्यांचं चक्र हबवर आट्याने घट्ट बसतं. पुढे पेडल मारलं की ते आणखी आवळतं, पण पाय मागे रेटले की सुटू बघतं. म्हणून त्याच्या बाहेर उलट्या आट्याची एक रिंग असते, ती त्याला सुटू देत नाही. स्वस्त हबवर त्या रिंगसाठी उलटा आटाच नसतो. तसला हब त्यांनी हातातही धरू दिला नाही.

ब्रेकचा निर्णय घरी झाला. मागे भोक नसल्यामुळे फक्त पुढचा ब्रेक बसणार होता. फ्रेमला भोक पाडायला मी तयार नव्हतो आणि ते योग्यही नव्हतं. बायकोने दोन दिवस विचार केला. तिच्या कामात एक नियम असतो, तो तिने मला जेवताना सांगितला. जीव वाचवणाऱ्या दोन गोष्टी एकाच कारणाने बंद पडता कामा नयेत. पायांचा जोर चाकापर्यंत चेनमधून जातो. हाताचा जोर केबलमधून जातो. चेन तुटली तर हात आहे, केबल तुटली तर पाय आहेत. म्हणजे एक ब्रेक आणि पाय हे तिच्या हिशेबात दोन झाले. नुसते पाय असते तर एकच झाला असता. ती म्हणाली, ‘‘पुढचा ब्रेक चांगल्यातला घे, मग मला चालेल.’’ मी चांगल्यातला घेतला. दोन्ही बाजूंनी सारखा आवळणारा, लांब रबराचा. लिव्हर उजव्या हाताला बसवली, कारण आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हातालाच असतो आणि मला लहानपणापासून तीच सवय.

सायकल जोडून झाली आणि मी पार्किंगमध्ये पहिली फेरी मारली. वळणावर सवयीने पाय थांबवले. पाय थांबले नाहीत. पेडलने मला खालून असं उचललं की मी सीटवरून उडालो आणि कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर कोपर टेकून उभा राहिलो. स्कूटर शाबूत होती. कोपराचं थोडं सालपट गेलं. वॉचमनने पुन्हा दाद दिली की नाही ते मी बघितलं नाही. इतकी वर्षं वळताना, मागे बघताना, विचार करताना, प्रत्येक वेळी आपण पाय थांबवतो हे मला माहीतच नव्हतं. ते सोडायला काही दिवस लागले.

मग बायकोने एक गोष्ट करून पाहिली. रविवारी सकाळी आमच्या सेक्टरमधल्या मैदानाजवळचा रस्ता रिकामा असतो. मी सायकलवर पुढे जायचं, ती मागे उभी राहून हाताची बोटं वर करणार, मी उजव्या खांद्यावरून मागे बघून किती बोटं ते सांगायचं. ऐकू येत नाही म्हटल्यावर मला आता बघावंच लागणार होतं, आणि बघताना सायकल सरळ राहते का हे तिला पाहायचं होतं. बोटं मी बरोबर सांगितली. पण ती म्हणाली की तू दर वेळी मध्येच अडखळतोयस. मला तसं काही जाणवलं नव्हतं. तिने मोबाइलवर काढलेलं दाखवलं. मान उजवीकडे वळली की खांदा मागे जात होता, खांद्याबरोबर हात ओढला जात होता, आणि उजवी बोटं लिव्हर हलकेच दाबत होती. मागून गाडी येत असेल तेव्हाच मी पुढचा ब्रेक लावत होतो.

मी ते परत एकदा लावून पाहिलं. पहिल्यांदाच मला कान गेल्याचं खरोखर वाईट वाटलं. डॉक्टरांकडे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख बघताना वाटलं नव्हतं, फोनवर वाटलं नव्हतं. आपल्याला कळत नाही आणि हात आपलं आपण काहीतरी करतो, ते त्या छोट्या स्क्रीनवर दिसत होतं. बायकोने फोन खिशात टाकला आणि मैदानाच्या कट्ट्यावर बसून राहिली. थोड्या वेळाने मीच म्हटलं की लिव्हर डावीकडे घेऊ या. ती म्हणाली, हो, मलाही तेच वाटत होतं.

घरी येऊन केबल बदलली, लिव्हर डावीकडे घेतली, उजव्या हँडलच्या टोकाला एक गोल आरसा लावला. पुढच्या रविवारी पुन्हा बोटं मोजली. सायकल सरळ राहिली. आरशाला मित्र हसला. मी त्याला हसू दिलं.

पाम बीचला पहिल्यांदा ती सायकल नेली ती सकाळ मला नीट आठवते. टिकटिक नव्हती. चेनचा एक बारीक, सारखा आवाज आणि टायरचा. परतताना डाव्या बाजूला खारफुटीतून पक्षी ओरडत होते, ते डाव्याच बाजूला आहेत हे मला आधीपासून माहीत होतं म्हणून तिथून ऐकू आले. उजव्या कानातली शिटी होती तशीच होती. कान बरा होईल असं मी समजत नव्हतोच. पण मागून गाडी आली की आता मला ती टायरच्या आवाजातून, थोडी उशिरा का होईना, वेगळी कळत होती. कुठून येतेय ते आरसा सांगत होता.

पंधरा-एक दिवसांनी मागचं चाक कुरकुरायला लागलं. खड्ड्यातून गेलं की टिंग असा आवाज यायचा आणि मागे ब्रेक नसल्याने रिम डगडगतेय हे फक्त नजरेला कळायचं. मी तळवलीला गेलो. नवं चाक थोडं बसतं, पण इतकं नाही, एवढं मी वाचलेलं होतं. काकांनी चाक स्टँडला लावून फिरवलं. चाक चांगलंच आउट होतं, सरळ न फिरता डावी-उजवीकडे झुलत होतं. त्यांनी स्पोक दोन-दोन धरून पिळून पाहिले, मग स्पोक आवळायची चावी खाली ठेवली.

मी विचारलं की ताण मोजायचं मीटर असतं ना. आहे, ते म्हणाले. जावयाने आणून दिलं होतं, कपाटात पडलं आहे, त्यांचा त्याच्यावर विश्वास नाही. ते आधी स्पोक छेडून बघायचे. ताण सारखा असला की आवाज सारखा येतो. जास्त ताण, वरचा आवाज. कमी ताण, खालचा. चाळीस वर्षं त्यांनी तसंच चाक लावलं. कॉम्प्रेसरशेजारी नोकरीही तितकीच वर्षं झाली.

‘‘मना आता ते आवाज कलत नाय,’’ ते म्हणाले. ‘‘हाताला वाटतंय सगला सारका हाय. पन नसतंय.’’

घरात कोणाला सांगितलंय का, असं मी विचारलं. नाही, ते म्हणाले. टीव्ही मोठा लावतात म्हणून बायको ओरडते, तेवढंच. मग मी त्यांना माझं सांगितलं. सांगायला सुरुवात कुठून करायची हे त्या दिवशी अवघड गेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की डावा चांगला आहे का. मी हो म्हटलं. ते उठले, एक स्टूल चाकाच्या डाव्या बाजूने उजव्या बाजूला आणून ठेवलं आणि म्हणाले, ‘‘मग हितं बस. डावा कान चाकाकरं कर. मी वाजवतो, तू सांग.’’

ते नखाने एक स्पोक छेडायचे, मग शेजारचा. मी सांगायचो, हा वर, हा खाली. सुरुवातीला मला फरकच कळेना. माझा कानच खोटं सांगतोय की काय असं वाटून मी दोनदा तेच परत वाजवायला लावलं. हळूहळू कळायला लागलं. ते निपलला, म्हणजे रिमपाशी स्पोक धरणाऱ्या नटाला, चावी लावून पाव वळसा फिरवायचे, पुन्हा छेडायचे. कुठे मी चुकायचो, कुठे ते जास्त फिरवायचे आणि मग दोघांनाही मागे यावं लागायचं. गिअरच्या चाकाच्या दोन बाजूंचे दोन वेगळे सूर लागतात, कारण तिथे एका बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. फिक्सीचं मागचं चाक दोन्हीकडून सारखं असतं, तेव्हा त्याचा सगळीकडून एकच सूर लागायला हवा. जेवायच्या वेळेपर्यंत तो जवळपास लागला. काकांनी चाक फिरवलं. रिम स्टँडच्या पट्टीजवळून न हलता जात राहिली. मग त्यांनी ते आणखी दोनदा फिरवलं.

ते चाक पुन्हा आउट झालं नाही. पुढचंही तसंच लावून घेतलं.

महिन्याभरानंतर डॉक्टरांकडे शेवटची तपासणी झाली. आलेखावरची उजव्या कानाची रेघ होती तिथेच होती. डॉक्टरांनी श्रवणयंत्राचा एक प्रकार सुचवला, जो उजवीकडचा आवाज डाव्या कानात आणून देतो. मी काही दिवस वापरून पाहिला. ऑफिसात बरा वाटतो. सायकलवर वाऱ्याचाच आवाज आणतो, म्हणून तिथे काढून ठेवतो. मित्र अजून ब्रेकशिवाय चालवतो. मी त्याला सांगायला जात नाही, आणि तो माझ्या उजवीकडे राहतो, याचं आता मला काही वाटत नाही. गप्पा मारताना तो कधी पुढे गेला तर मीच वेग वाढवून त्याला गाठतो.

काकांनी घरी सांगितलं, पण ते ठरवून नव्हे. एका शनिवारी त्यांचा फोन आला की घणसोलीच्या एका मुलीची चाकं बांधायला आली आहेत, वेळ असेल तर ये. मी गेलो. त्यांच्या बायकोने चहा आणला आणि बघितलं की हे छेडतायत आणि मी वर-खाली सांगतोय. हे काय चाललंय, असं तिने विचारलं. काकांनी चावी न ठेवता, चाकाकडे बघतच सांगितलं की मला ऐकू येत नाही, तो ऐकतो. ती तिथेच दारात थांबली. मग म्हणाली की टीव्हीचं मला आधीच सांगायचं होतंत, मी उगाच भांडत होते. काका म्हणाले, हां. मी पुढचा स्पोक वाजवायला सांगितला.

आता महिन्यातून एक-दोन शनिवार मी तिकडे असतो. त्यांनी मीटरही कपाटातून काढलंय. मी नसलो की ते वापरतात, आणि त्यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. परवा एक लांबच्या शर्यतीचं चाक लावत होतो. एका स्पोकवरून आमचं जुंपलं. मी म्हणत होतो खाली आहे, ते म्हणत होते हाताला घट्ट लागतोय. मीटर लावलं तर दोघंही थोडे थोडे बरोबर निघालो. हा स्पोक घट्टच होता, ढिला होता तो शेजारचा. काकांनी तो आवळला, चाक काढून खिळ्याला टांगलं, आणि आतून भाताचा कुकर उतरल्याचा वास आला म्हणून आम्ही हात धुवायला उठलो.